ट्रॅक्टरच्या शेडचा कोबा: ओल, धूळ आणि खड्डे यांचा पक्का बंदोबस्त

घराशेजारचं टिनाचं शेड म्हणायला ट्रॅक्टरचं असतं. प्रत्यक्षात मोटारसायकल तिथेच, सोयाबीनची थप्पी तिथेच, खताच्या गोण्या, फवारणीचे पंप, बिघडलेला कूलर, सगळं तिथेच. बांधताना पैसा जातो भिंती आणि टिनांवर. कोबा शेवटी उरलेल्या रेती-सिमेंटात उरकला जातो. मग चार-पाच पावसाळ्यांनी तक्रारी सुरू होतात. खालच्या पोत्यांना ओल लागते, झाडू मारावा तितकी धूळ निघते, आणि ट्रॅक्टर जिथे वळतो तिथे खड्डे पडलेले असतात.

मिस्त्रीला बोलावलं की उत्तर ठरलेलं. "भाऊ, वरून दीड इंचाचा थर मारून देतो, काचेवानी होते पाहा." होतं खरं तसं, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंतच. खालची ओल तशीच, जुना भुसभुशीत पृष्ठभाग तसाच, आणि त्यावर नवं सिमेंट. मग ते फुगतं, पोकळ वाजतं आणि ट्रॉली आली की पापुद्र्यासारखं सुटतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार. आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग जुना कोबा ठेवण्यालायक आहे का ते ठरवायचं, आणि त्यानंतरच धूळ आणि लेव्हल हातात घ्यायची.

पाहणी पावसाळ्यात, काम दिवाळीनंतर

मे महिन्यात कोणताही कोबा कोरडाच दिसतो. पाहणी करायची ती पोळ्याच्या आसपास, जमीन पाण्याने गच्च असते तेव्हा. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड-दीड फुटाचे तीन चौकोनी तुकडे घ्या. एक भिंतीलगत, एक शेडच्या मध्यभागी, एक दरवाजाजवळ, असे चारही बाजूंनी रुंद टेपने चिकटवा. धुळीवर टेप धरत नाही, म्हणून कडेची पट्टी आधी तारेच्या ब्रशने घासून ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. एक दिवस-एक रात्र तसंच राहू द्या. तिथे थेट ऊन पडू नये.

मग पाहा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले असतील किंवा तेवढाच कोबा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून वर चढते आहे. प्लास्टिकच्या वरच पाणी जमलं आणि खाली कोरडं असेल, तर ती हवेतली दमट वाफ थंड फरशीवर बसते आहे. कोबा फोडून तिचं काही होणार नाही, हवा खेळती करावी लागेल. भिंतीजवळचा तुकडा ओला आणि मधला कोरडा निघाला, तर बाहेरचं पाणी भिंतीखालून आत येतंय. विदर्भातल्या शेडांत हा तिसरा प्रकार फार आढळतो, आणि सगळ्यांत स्वस्तात सुटणाराही तोच.

एक कोपरा मात्र फसवतो. खताच्या गोण्या जिथे ठेवता, तिथली फरशी इतर सगळं सुकलं तरी ओलीच दिसते. ती जमिनीची ओल नसते. सांडलेला युरिया आणि इतर खतं हवेतला ओलावा ओढून घेतात आणि कोब्याच्या छिद्रांत जाऊन बसतात. तिथे प्लास्टिकची चाचणी घेतलीत तर निष्कर्ष चुकेल. शिवाय अमोनियम सल्फेटसारखी खतं काँक्रीटला खातात, म्हणून त्या कोपऱ्यातला पृष्ठभाग नखानेही निघतो. तो भाग वेगळा धरायचा आणि खरवडून काढायचा.

भिंतीच्या पायथ्याशी पांढरं काही दिसलं तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर क्षार. नुसतं दबलं आणि कुबट वास आला तर बुरशी. क्षार असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. पाण्याने धुतलंत तर तोच क्षार विरघळून परत आत मुरतो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हा त्रास जास्त. तिथल्या पाण्याबद्दल पुढे सांगतो.

भेगांची पाहणी वेगळी. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात हातभर खोल भेगा पडतात ना, तीच माती शेडखाली आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून शेजारी महिना लिहून ठेवा. मे महिन्यात जुनं एटीएम कार्ड उभं घालून पाहा, मग सप्टेंबरमध्ये पुन्हा. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. उन्हाळ्यात कार्ड आत जातं आणि पावसाळ्यात जात नाही, तर भेग जिवंत आहे, म्हणजे खालची माती हलते आहे. अशा भेगेत सिमेंट भरणं म्हणजे पैसे भरणं.

बाहेरचं पाणी बाहेरच थांबवा

शेडला पन्हाळ नसेल तर वळचणीचं पाणी दहा-बारा फुटांवरून भिंतीच्या पायाशी कोसळतं, तिथे चर पडतो, आणि तो चर चार महिने पाणी धरून ठेवतो. टिनाच्या कडेला पन्हाळ लावा, पाइपने पाणी शेडपासून लांब सोडा. शक्य असेल तर टाकीत घ्या, पुढे काँक्रीटला कामी येईल.

मग जमीन. बाहेरची माती कोब्याच्या लेव्हलपेक्षा किमान अर्धा फूट खाली हवी. बऱ्याच ठिकाणी दरवर्षी मुरूम टाकून अंगण इतकं उंच झालेलं असतं की शेडच खड्ड्यात गेलेलं असतं. भिंतीलगत तीन फूट रुंदीची पट्टी खणा, वरची काळी माती काढा, तळाला प्लास्टिक अंथरून त्याला भिंतीपासून बाहेर उतार द्या आणि वरून मुरूम कुटून भरा. तीन फुटाला दीड-दोन इंच उतार पुरतो. पट्टीच्या बाहेर उथळ नाली काढा आणि तिला निकास द्या. निकास नसलेली नाली म्हणजे भिंतीशेजारी बांधलेलं टाकं.

गुरांचा पाण्याचा हौद, बोअरचा गळका जोड, न्हाणीचं सांडपाणी आणि दारातच ट्रॅक्टर धुण्याची जागा, या चार गोष्टी भिंतीपासून दूर न्या. एवढं करून एक पावसाळा जाऊ दिला, तर अनेक शेडांची अर्धी ओल कोब्याला हात न लावताच जाते. घाई नसेल तर हा पावसाळा जाऊ द्याच.

जुना कोबा ठेवायचा की काढायचा

शेड पूर्ण रिकामं करा. लोखंडी सळईचा तुकडा घेऊन हात-हात अंतरावर ठोकत जा. ठणठणीत वाजलं तर ठीक. भद्द किंवा पोकळ वाजलं तिथे खडूने रिंगण मारा. मग मोठा खिळा जोर देऊन ओढा. जेमतेम पांढरी रेघ उमटली तर कोबा चांगला आहे. भुगा निघाला पण खिळा मिलिमीटरभर जाऊन अडला तर वरचाच पापुद्रा कच्चा आहे. खिळा तीन-चार मिलिमीटर रुतून वाळू उकरत असेल तर तो थर काढण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यानंतर लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून, आतले बुडबुडे काढून, चारही भिंतींवर एका पातळीत खुणा करा आणि दोरीने रेघ मारा. ही रेघ मागच्या भिंतीजवळ फरशीपासून एक मीटर उंच येईल अशी धरा. आता समोरासमोरच्या भिंतींवर रेघेला धरून दोरी ताणा आणि दर तीन फुटांवर दोरीपासून खाली फरशीपर्यंत मोजून तो आकडा तिथेच फरशीवर खडूने लिहा. १०० म्हणजे मागच्या भिंतीइतकीच पातळी, १०२.५ म्हणजे फरशी तिथे अडीच सेंटिमीटर खाली, ९८ म्हणजे दोन सेंटिमीटर वर. अर्ध्या तासात फरशीवर तिचा नकाशा उभा राहतो, आणि डोळ्याला सपाट वाटणाऱ्या जागा किती फसव्या होत्या ते कळतं. दाराकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार धरायचा, म्हणजे २० फूट लांबीच्या शेडमध्ये दाराशी आकडा १०६ हवा. तो तिथे १०० असेल तर आत आलेलं पाणी आतच राहतं.

आता निवाडा सोपा होतो. ठणठणीत, कोरडा, फक्त धूळ सोडणारा कोबा असेल तर त्यावर हार्डनर, म्हणजे पृष्ठभाग कठीण करणारं द्रावण, मारून भागतं. चार-सहा खड्डे असतील तर तेवढेच भरायचे. घट्ट आहे पण सगळीकडे उंचसखल आणि खालून ओल येते, तर जुन्यावर प्लास्टिक टाकून नवा थर. अर्धाअधिक पोकळ वाजतो, तुकडे पायाखाली डुलतात, भेगा जिवंत आहेत, तर फोडूनच काढा. फोडलेला माल टाकू नका, दारापुढच्या चढाच्या भरावाला तो उत्तम.

धूळ का सुटते आणि तिला काय करावं

कोबा टाकताना माल पातळ केला की जड गिट्टी खाली बसते आणि पाणी, सिमेंटचा बारीक अंश, रेतीतली माती वर येते. मिस्त्री त्या पाण्यावरच गुरमाळा फिरवतो, किंवा पाणी पटकन सुकावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरतो. दिसायला गुळगुळीत, पण तो वरचा पापुद्रा सगळ्यांत कच्चा. त्यात पाणी मारायला दोन दिवसांनी कंटाळा केला की सिमेंट अर्धवट मुरतं आणि जन्मभर पीठ सोडतं.

उपाय सोडियम सिलिकेट. रंगाच्या किंवा रसायनांच्या मोठ्या दुकानात मिळतं. तयार 'फ्लोअर हार्डनर' म्हणूनही सिलिकेटची द्रावणं मिळतात. काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन छिद्रांत कठीण पदार्थ तयार होतो. आधी फरशी झाडा, तारेच्या ब्रशने घासा, साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ऑइलचे डाग असतील तर रात्रभर चुना किंवा लाकडाचा भुसा टाकून सकाळी झाडा आणि कपडे धुण्याच्या पावडरने ताठ ब्रशने घासा. पाण्याचा थेंब टाका. तो मुरला तर डाग गेला, मोत्यासारखा उभा राहिला तर ऑइल अजून आत आहे.

एक भाग सिलिकेट, चार भाग पाणी असं द्रावण करून खराट्याने किंवा स्पंजच्या पोछ्याने पसरा. दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, न मुरलेलं डबक्यात साचू देऊ नका. ते वाळलं की पांढरे डाग पडतात आणि काढता काढता नाकी नऊ येतात. दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवा, वाळू द्या, दुसरा हात मारा. फार पीत असेल तर तिसरा. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि द्रावण काचेवर उडालं तर लगेच पुसा, नाहीतर काच कायमची डागाळते.

याच्या मर्यादाही सांगून टाकतो. सिलिकेट ओल थांबवत नाही आणि खिळा रुतणाऱ्या कोब्याला वाचवत नाही. आणि ओल्या फरशीवर ऑइल पेंट किंवा इपॉक्सी मारण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खालची वाफ त्याला फोड आणते आणि वर्षभरात सालपटं निघतात. संडास साफ करायच्या ॲसिडने फरशी धुण्याचीही एक पद्धत आहे. कच्च्या कोब्याला ते आणखी खातं, आणि त्यातला क्लोराइड आत राहून लोखंडाला गंज आणतो. ब्रशने भागत असताना ॲसिड आणायचं कशाला?

खड्डे भरणं: कडांकडे लक्ष

खड्डे भरून उखडतात ते बहुतेक वेळा कडेपासून. खड्ड्याची कड उतरती असते, तिथे नवा माल कागदासारखा पातळ होतो आणि पहिल्याच चाकाखाली सुटतो. म्हणून खड्ड्याभोवती खडूने चौकोन आखा, ग्राइंडरने अर्धा इंच खोल सरळ काप घ्या आणि आतलं सगळं छन्नीने चांगला माल लागेपर्यंत काढा. कड उभी हवी. ग्राइंडर चालवताना पाणी टाकत राहा आणि चांगला मास्क लावा. रुमाल पुरत नाही, कारण काँक्रीटची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. विजेच्या यंत्रावर पाणी म्हटल्यावर अर्थिंग आणि वायर आधी तपासा, किंवा पाणी टाकायची सोय असलेलंच यंत्र भाड्याने आणा.

आतली धूळ फुंकून, पुसून काढा. खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवा आणि सकाळी सगळं पाणी टिपून घ्या: आतून ओलं, वरून कोरडं, असा हात लागला पाहिजे. आता एसबीआर लेटेक्स (सिमेंटची पकड वाढवणारं दुधासारखं रबरी द्रावण) आणि पाणी समसमान घेऊन त्यात सिमेंट कालवा, ब्रशने लावता येईल इतकं दाट. हा लेप खड्ड्याच्या तळाला आणि उभ्या कडांना रगडून लावा आणि तो ओला असतानाच माल भरा. इथेच माणसं चहाला जातात. लेप वाळला की तो जोडणारा राहत नाही, उलट दोन थरांना वेगळं करणारा पडदा होतो. मग खरवडून पुन्हा लावावा लागतो. म्हणून एका वेळी एकाच खड्ड्याला लेप लावा.

माल एकास तीन, म्हणजे एक भाग सिमेंट, तीन भाग स्वच्छ रेती, त्यात लेटेक्स. सिमेंटच्या एका पोत्यामागे साधारण ५ ते १० लिटर लागतं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. दीड इंचापेक्षा खोल खड्ड्यात १० मि.मी.ची बारीक गिट्टी मिसळा. माल मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला पाणी सुटू नये. थापीने कडेपासून मध्याकडे ठोकत भरा, ॲल्युमिनियमच्या पट्टीने शेजारच्या फरशीवर टेकवून ओढा, लाकडी रंध्याने घासा.

भेगांचं थोडक्यात. मेलेल्या भेगा ग्राइंडरने रुंद करून याच मालाने भरा. जिवंत भेगेत पीयू सीलंट भरा, ते रबरासारखं ताणतं आणि दबतं.

जुन्यावर प्लास्टिक टाकून नवा थर

ओल खालून येते आणि फरशी उंचसखल आहे, पण जुना कोबा डुलत नाही, अशा वेळी हा मार्ग मला सर्वांत पटतो. जुन्याला नवा चिकटवायच्या फंदातच पडायचं नाही. दोघांच्या मध्ये प्लास्टिक टाकून नवा थर स्वतंत्र ठेवायचा. स्वतंत्र थर जाड हवा, ट्रॅक्टरसाठी किमान चार इंच, जाळीसह. म्हणून आधी दाराची उंची मोजा. ट्रॅक्टरला हूड असेल तर चार इंच वर गेल्यावर तो आत जातो का, हे काँक्रीट पडल्यावर कळून उपयोग नाही.

उंचवटे फोडा, खळगे रेतीने समतल करा. त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, दुकानात ते १००० गेज म्हणून मिळतं. जोडाला अर्धा फूट एकावर एक, रुंद टेप मारून. भिंतीवर नव्या थराच्या उंचीपर्यंत वर चढवून. फाटलं तर लगेच ठिगळ. घमेली घेऊन मजूर त्यावरून चालणार, म्हणून वाटेवर फळ्या टाका. पायात गमबूट हवेतच. ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

८ मि.मी. सळईची आठ-आठ इंचावर जाळी बांधा आणि खाली ठोकळे देऊन ती वरून दीड-दोन इंच खोल राहील अशी उचलून धरा. जमिनीवर पडलेली जाळी काहीच काम करत नाही.

माल एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा एक दर्जा): एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी. घमेल्याने मोजायचं तर सगळं एकाच घमेल्याने आणि सारखं काठोकाठ भरून मोजा. ५० किलोच्या पोत्याचं आकारमान ३५ लिटर धरतात. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे एम-२० ला एका पोत्यामागे पाणी जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या, आणि ओल्या रेतीत असलेलं पाणी त्यातच धरायचं. मिक्सरवाला तिसरी बादली उचलतो तेव्हा तिथे कोणीतरी घरचं माणूस उभं पाहिजे. माल पसरायला जड जातो ही तक्रार येईल. व्हायब्रेटर भाड्याने आणा, पाणी वाढवू नका.

१२ बाय २० फुटांच्या शेडला चार इंच थर म्हणजे ८० घनफूट काँक्रीट. त्याला सुमारे १८ पोती सिमेंट, रेती ३४ घनफूट आणि गिट्टी ६७ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा अर्धा ब्रास रेती आणि पाऊण ब्रास गिट्टी मागवली की नासधुशीसकट पुरतं.

रेती कन्हानची असो की नाल्याची, माती तपासूनच घ्या. काचेच्या ग्लासात रेती आणि मिठाचं पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. रेतीवर मातीचा थर बसतो. दहा सेंटिमीटर रेतीवर आठ मिलिमीटरपेक्षा जास्त माती असेल तर रेती धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

आणि पाणी. आयएस ४५६ नुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. बिनलोखंडाच्या काँक्रीटला २००० पर्यंत चालतं. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी ही मर्यादा सहज ओलांडू शकतं, तेव्हा जाळीच्या कामाला टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी किंवा गोड्या विहिरीचा टँकर वापरा. शेततळ्याचं चालेल, पण गाळ बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं घ्या.

थर एकसलग टाकू नका. २० फूट लांबी मधोमध विभागून १० बाय १२ चे दोन भाग करा, किंवा सलग टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी मधून एक इंच खोल कटर मारा. मार्च-एप्रिलची गरमी असेल तर त्याच संध्याकाळी, नाहीतर काँक्रीट आपल्या मनाने जागा निवडून तडकतं. वर आलेलं पाणी उडून जाऊ द्या, मग घोटाई. शेवटचा हात लाकडी रंध्याचाच ठेवा. काचेसारख्या गुळगुळीत शेडमध्ये ओले टायर आणि ओले पाय दोन्ही घसरतात.

काळ्या मातीवर सगळंच काढून नवं करायचं असेल तर

जुना कोबा फोडल्यावर खालची काळी माती किमान दीड फूट काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात टाका, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुमसाने किंवा भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरने कुटा. एकदम दीड फूट टाकून वर रोलर फिरवला तर वरचे सहा इंचच दबतात. मुरमावर चार इंच ४० मि.मी. गिट्टी, बारीक चुरीशिवाय. मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढू शकत नाही, म्हणून ओलीला हा पहिला अडसर. त्यावर रेतीचा पातळ थर, मग प्लास्टिक, मग पाच इंच काँक्रीट जाळीसह. त्याच १२ बाय २० ला आता २३ पोती लागतील.

हे सगळं परवडत नसेल आणि माती फारच हलणारी असेल, तर मी काँक्रीटचा हट्ट सोडून गट्टू (पेव्हर ब्लॉक) सुचवतो. मुरूम तसाच कुटायचा, वर दीड-दोन इंच चुरी, त्यावर ट्रॅक्टरसाठी ८० मि.मी. जाडीचे गट्टू, आणि कडेने काँक्रीटची पट्टी. मोटारसायकल आणि कारपुरतं असेल तर ६० मि.मी. पुरतात. जमीन बसली तर तेवढे गट्टू उचलायचे, चुरी टाकायची, परत बसवायचे. ओल मात्र फटींतून येणार, म्हणून पोती ठेवायची बाजू काँक्रीटची आणि ट्रॅक्टरची बाजू गट्टूची, असा दुभाग अनेकांना सोयीचा पडतो.

पाणी मारणं

गावाकडच्या दुकानात मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं, असतं. पोत्यावर पाहून घ्या. ते सावकाश मुरतं. आयएस ४५६ मध्ये साध्या, राख न मिसळलेल्या ओपीसीला किमान ७ दिवस आणि अशा मिश्र सिमेंटला १० दिवस पाण्याचे सांगितले आहेत, आणि कोरड्या गरम हवेत मिश्र सिमेंटला १४. आपल्याकडे १४ च धरा. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही, कारण दुपारभर फरशी कोरडी पडते. कडेने मातीचं आळं करून दोन इंच पाणी उभं ठेवा. उतारामुळे पाणी दाराकडेच जमलं तर वरच्या अर्ध्या भागावर बारदाना अंथरून तो सतत ओला ठेवा. कापूस-सोयाबीनच्या घरात बारदान्याला तोटा नसतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा काळ. मृगाच्या आत उरकायचं म्हणून मे महिन्यातच करावं लागलं, तर पहाटे चारला मिक्सर सुरू करा, गिट्टीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, आणि पसरलेल्या मालावर लगोलग प्लास्टिक झाका. पंचेचाळीस अंशांत आणि गरम वाऱ्यात वरचं पाणी इतकं पटकन उडतं की घोटाई होण्याआधीच केसासारख्या भेगा येतात.

एका दिवसाने त्यावर चालता येतं, मोटारसायकल दहा दिवसांनी, ट्रॅक्टर २८ दिवसांनी. रिकामा ट्रॅक्टरच दोन टनांच्या घरात असतो, आणि भरलेली ट्रॉली त्याहून कितीतरी जड.

शेड परत भरताना

सोयाबीनच्या सरकारी खरेदीला नेहमीचा निकष १२ टक्के ओलाव्याचा. तेवढं वाळवलेलं धान्यही फरशीवर थेट ठेवलं तर खालच्या थरात ओल ओढतं. लाकडी पाट किंवा बल्ल्या टाकून पोती जमिनीपासून चार-सहा इंच आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. मागून हात फिरवता आला पाहिजे. खताला वेगळा कोपरा आणि खाली जाड ताडपत्री. सांडलं तर झाडून घ्या, पाण्याने धुऊ नका.

कल्टिव्हेटरचे फण आणि रोटाव्हेटर फरशीवर टेकतात तिथे फळी टाका, जॅकखालीही. भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेला ट्रॅक्टर आत घालायचा मोह होतो. तो बाहेरच उभा करा, कारण ती लोखंडी चाकं २८ दिवस मुरलेल्या एम-२० वरही एका फेरीत दात उमटवतात.